आमच्या गावाची टूर, आबांच्या आवाजात

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत हेरिटेज वॉकवर अख्खं पान आलं होतं, मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ. छान होतं, तक्रार नाही. पण मराठवाडा म्हणलं की तुमची गाडी संभाजीनगरच्या पुढं सरकतच नाही, म्हणून हे पत्र लिहायलो. मी अंबाजोगाईचा, स्टँडजवळ झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीला पस्तीस मार्कांपुरता.

दिवाळीत पुण्याची भाची आली दोन लेकरं घेऊन. योगेश्वरीचं दर्शन झालं आणि मग म्हणाली, मामा आता अजून काय बघायचं? मी हत्तीखान्यात घेऊन गेलो. खडकात कोरलेला मंडप, नंदी, दगडाचे मोठाले हत्ती, लेकरं खुश. धाकट्यानं विचारलं, आजोबा हे कोणी केलं? मी म्हणलं पांडवांनी. (आपल्याकडं ज्याचं काहीच माहीत नसतं ते पांडवांनी केलेलं असतं.) पोरगं म्हणलं कशावरून? आता काय सांगू. पन्नास वर्षं या गावात काढली आणि पहिलीच्या पोरापुढं गप्प बसायची पाळी आली.

तर भाचीनं मोबाईल काढून दाखवलं की आता लोक स्वतःच्या स्वतः फिरतात, ऑडिओ टूर म्हणतात त्याला. कानात हेडफोन घालायचा, नकाशावरल्या पहिल्या ठिकाणी उभं रहायचं, बटण दाबलं की त्या जागेची गोष्ट ऐकू येते, मग पुढं चालायचं. मधी चहा प्यावा वाटला तर थांबायचं, कोणी गाईड चला चला करत मागं लागत नाही. ताजमहालला असली मशीन भाड्यानं मिळते म्हणे, आणि आता तर फुकटची ॲपं पण आहेत, तुम्ही त्या जागेला पोचलात की जीपीएसवरून आपोआप वाजायला लागतात. मी म्हणलं आपल्या गावाची कोण करणार? ती म्हणली आपणच की.

आमच्या गल्लीत आबा राहतात, रिटायर मास्तर, वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेत पण डोकं शाबूत. चार संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. भाचीचा एकच नियम, तीन मिनिटाच्या वर एक पण क्लिप नको. आबांना ते काही झेपलं नाही.

हत्तीखान्याला आबांनी आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लावली, परळीच्या वैजनाथाबरोबर देवीचं लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागेवरच दगड झालं आणि देवी कुमारिका राहिली. मग दम घेऊन म्हणतात, "ही झाली आजीची गोष्ट, आता शिलालेखाची ऐका." मला ही पद्धत लई आवडली. दोन्ही सांगायच्या पण कालवायच्या नाहीत.

बाराखांबीच्या देवळात आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो, त्याचं खरं नाव सकलेश्वर हे मला आत्ता कळलं. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर, त्यानं १२२८ च्या सुमाराला बांधलेलं. आपण नुसतं हेमाडपंती म्हणून मोकळे होतो, आबा म्हणतात हेमाद्री पंडित नंतरचा, महादेव आणि रामचंद्र यादवाच्या काळातला, त्याच्या आधीच या देवळावर शिलालेख बसला होता. पण मला गुंतवलं ते खोलेश्वराच्या लेकीनं. लक्ष्मी नाव तिचं. तिचा भाऊ राम गुजरातच्या मोहिमेवर गेला आणि लढाईत पडला, त्याचं पोरगं लहान, तर कारभार हिनं बघितला आणि १२४० ला भावाच्या आठवणीत रामनारायणाचं देऊळ बांधलं. हे शिलालेखात आहे, दंतकथा नाही. ही क्लिप आबांनी बोलली नाही, म्हणले बहिणीचं दुःख आहे, बाईमाणसाच्या आवाजात पाहिजे, मग भाचीनं बोलली. मी खोलेश्वराच्या देवळात उभा राहून ऐकली आणि खरं सांगतो, भाऊबीज दोनच दिवसांपूर्वी झालेली, कसंतरीच झालं.

मग देवघराची गल्ली. आमच्या गावचे संतकवी दासोपंत, त्यांची पासोडी कितीक गावकऱ्यांनी बघितली असंल? साधारण चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर वेदान्त लिहून काढलेला, ओव्या आणि आकृत्या सगळं. माणूस १५५१ चा, १६१५ ला गेला. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिलेला, रोज एका ढबू पैशाची शाई लागायची म्हणतात. इथं आबा अकरा मिनिटं बोललेत आणि एक शब्द पण कापू दिला नाही.

मुकुंदराजाच्या समाधीला गेलात तर तिथं मोबाईलला रेंज नाही, हे आम्हाला दरीत उतरल्यावर कळलं, तेव्हा फाईल घरूनच डाऊनलोड करून निघा. या कवीचा विवेकसिंधू ग्रंथ शके १११० चा म्हणजे ११८८, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी. विदर्भवाले मुकुंदराज त्यांच्या अंभोऱ्याचे म्हणतात, आबांनी तो वाद पण सांगितला आणि शेवटी "पण आमचेच" म्हणून टाकलं. हे पण काढलं नाही. योगेश्वरी शाळेपुढं स्वामी रामानंद तीर्थांची क्लिप आहे, ते इथं मास्तर होते, १९३८ ला शाळा सोडून निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले. आबांच्या थोरल्या भावाला त्यांनी शिकवलं, म्हणून आबांचा आवाज तिथं जरा चढलाय.

चुका पण लई झाल्या. पहिल्या क्लिपमधी मागून भांडेवालीचा आवाज, एकात तर आबांचा नातू दूध मागायला. मंडीतून जाताना दोन्ही कानात हेडफोन घालू नका, रिक्षावाले हॉर्न देऊन दमतात, एकच कान वापरा. आणि नुसती माहिती सांगून चालत नाही, कुठं उभं रहायचं, तोंड कोणीकडं करायचं हे आधी सांगावं लागतं, नाहीतर माणूस कोपऱ्यातल्या कचऱ्याकडं बघत यादवांचा इतिहास ऐकतो. कचरा आहेच, जयंती नदीबद्दल तर मी वेगळं पत्र लिहिन.

साहेब, माझं म्हणणं एवढंच की गावोगाव तुमचे वार्ताहर आहेत. तेर, औसा, धारूर, कंधार, सगळीकडं एकतरी आबा ओट्यावर बसलेला असणार. जिल्हा पानावर आठवड्याला एका गावाचा हाताएवढा नकाशा छापा, सोबत तो चौकटीचा क्यूआर कोड, आवाज लोक पाठवतील. एका कॉलममधी होतंय. आमच्या गावाचा मी फुकट प्रिंट काढून देईन.

एक राहिलंच. हत्तीखान्याच्या क्लिपमधी आबा सांगतात, "पुढं आलात की उजव्या हाताला चिंचेचं झाड लागेल, तिथून खाली उतरा." ते सगळं ओट्यावर बसून आठवणीनं बोलायलेत, आणि झाड तोडून कैक वर्षं झाली. भाची म्हणली परत रेकॉर्ड करू, मी करू दिलं नाही. आबांना पण सांगितलं नाही.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड