व्हॅक्यूम गेजचे शून्य का सरकते?

महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक परिसरात व्हॅक्यूमची कामे करणाऱ्यांनी क्वार्ट्झ काट्याच्या गेजविषयी (चेंबरमध्ये, म्हणजे हवा काढलेल्या पात्रात, उरलेला दाब मोजणाऱ्या उपकरणाविषयी) थोडे ध्यानात घ्यावे. काटा म्हणजे तास-मिनिटांचा नव्हे; क्वार्ट्झ घड्याळाच्या आतला, चिमट्यासारखा दोन पायांचा, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. भोवतालचा वायू त्याला रोखतो; दाब घटला की रोध घटतो, त्यावरून आकडा मिळतो. सुमारे 0.01 पास्कलखाली मात्र काट्याचे स्वतःचेच घर्षण उरते; तिथला आकडा मानू नये.

खरा शत्रू हवा उपसणाऱ्या रोटरी पंपाचे तेल! वाफ काट्यावर बसली की वजन वाढते, कंप मंदावतो, शून्य सरकते, म्हणजे वायू नसतानाचा मूळ आकडाच बदलतो. म्हणून गेज पंपाजवळ नको. चेंबरवर, तोंड खाली करून बसवावे. पंप थांबवण्याआधी पंप आणि चेंबरमधली झडप मिटवावी, नाहीतर तेल उलटे चढते. चेंबरमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू असेल तर रोधावरून दाब काढण्याचे हवेचे कोष्टक चालत नाही.

– एक तंत्रज्ञ, बेळगाव