खुंटी सैल केली म्हणजे गिटार खाली लागली असे नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. इलेक्ट्रिक गिटार नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावायची तर सल्ला एका वाक्यात मिळतो: ट्यूनर (सूर दाखवणारे यंत्र) लावा आणि खुंट्या सैल करा. मग तारा फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, आडव्या धातुपट्ट्यांवर) खडखडतात, मोकळी तार सुरात असूनही कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) बेसूर येते आणि दोष गिटारच्या माथी बसतो. शिकणाऱ्या मुलांचे यात फार नुकसान होते, म्हणून हे पत्र.

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सगळे कोडे इथेच आहे. एक अर्धस्वर उतरवला की ताण सुमारे ११ टक्के घटतो, पूर्ण स्वर उतरवला की २१ टक्के आणि ई सुरावरून सी पर्यंत (चार अर्धस्वर) गेलो की तब्बल ३७ टक्के. २५.५ इंच तारलांबीच्या गिटारवर १०-४६ सेटमधली (सर्वांत पातळ तार इंचाच्या १० हजारांश, सर्वांत जाड ४६ हजारांश) सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार ८२.४ हर्ट्झला सुमारे ८ किलो ताण धरते. तीच तार ६५.४ हर्ट्झच्या सी ला आणली तर जेमतेम ५ किलो उरतात. अशी तार छेडताच सूर क्षणभर वर उडतो आणि मग खाली बसतो. बोट जरा जोरात दाबले तरी तो चढतो.

यावर उपाय जाड तारा. मूळचा ताण हवा असेल तर कंपनसंख्या ज्या पटीत उतरली त्याच पटीत जाडी वाढवावी. म्हणजे ४६ ची तार डी साठी साधारण ५२ आणि सी साठी ५८. व्यवहारात डी ला ११-४९ आणि सी ला १२-५६ च्या आसपासचा सेट बहुतेकांना पुरतो, कारण थोडी सैल तार हाताला बरी वाटते. फक्त अर्धा स्वर उतरवायचा असेल तर सेट बदलण्याची गरज नाही. ड्रॉप डी मध्ये (फक्त सहावी तार ई वरून डी वर उतरवणे) एकट्या सहाव्या तारेचाच ताण घटतो, तिथे १०-५२ सेट चांगला. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी बोटांच्या दुखापतीमुळे हलक्या तारा दीड स्वर खाली लावल्या, त्या मुद्दाम सैल हव्या होत्या म्हणून. त्यांचा हात तसा घडला होता. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

जाड तार नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला की समजावे, खाच अरुंद आहे. ती योग्य मापाच्या नट-फाइलने रुंद करावी, खोल नव्हे. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागेल आणि नट बदलावा लागेल.

आता नेक. एकूण ताण घटला तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तारांच्या ओढीला तोलणारी सळई) वरचढ होतो, नेक मागे वाकते आणि पहिल्या काही फ्रेटवर खडखड सुरू होते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. कमी असेल तर रॉड एका वेळी पाव फेराच सैल करावा, पुन्हा सूर लावावा, मगच मोजावे.

इंटोनेशन, म्हणजे तार प्रत्येक फ्रेटवर सुरात येणे, सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) मागे न्या, उतरता असेल तर पुढे आणा. खालच्या सुरात सॅडल जवळजवळ नेहमी मागेच जाते. कधी जागाच संपते. तेव्हा सॅडलची स्प्रिंग कापून आखूड करता येते. तेवढ्यानेही भागले नाही तर २७ इंची बॅरिटोन गिटार (खालच्या सुरांसाठीच बनवलेली, जास्त तारलांबीची) हेच खरे उत्तर.

तरंगता ट्रेमोलो (दांड्याने हलणारा, स्प्रिंगांवर तोललेला ब्रिज) असेल तर वरचे काही करण्याआधी त्याचा तोल साधावा लागतो. तारा सैल झाल्या की मागच्या स्प्रिंगा ब्रिज खाली ओढतात, तारांची उंची घटते आणि प्रत्येक तार लावताना बाकीच्या बिघडतात. स्प्रिंगा धरणाऱ्या क्लॉचे (धातूच्या पट्टीचे) स्क्रू थोडे सैल करावेत, ब्रिज बॉडीला समांतर येईपर्यंत. अशा ब्रिजवर गाण्यागणिक ड्रॉप डी करू पाहणे म्हणजे मनस्ताप.

सूर लावताना तार आधी खाली उतरवून मग वर चढवत आणावी, म्हणजे खुंटीतली ढिलाई उरत नाही. ट्यूनरसमोर हळू छेडून नंतर जोरात वाजवू नये, वाजवतो त्याच जोराने लावावी. पिकअपही (तारांखालची, कंपन टिपणारी चुंबके) थोडे खाली घ्यावेत, कारण सैल तार जास्त झुलते. एकच गिटार रोज ई आणि सी यांच्यात वरखाली करू नये. दोन्ही सूर लागत असतील तर दुसरी गिटार खालच्या सुराला कायमची लावून ठेवावी.

आपला,
एक वाचक