फिगरची तारीख नको, टप्पा सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्केल मॉडेलच्या फिगरसाठी, म्हणजे मॉडेलसोबत ठेवायच्या छोट्या माणसांसाठी, आगाऊ पैसे भरून वर्ष-दोन वर्षं वाट पाहणारे लोक पुण्यात बरेच आहेत. रणगाडा मिळतो, विमान मिळतं, पण त्यात बसायची किंवा शेजारी उभी राहायची माणसं 'पुढच्या तिमाहीत' येणार असतात आणि ती तिमाही पुढे सरकत राहते. विक्रेता आयातदाराकडे बोट दाखवतो, आयातदार कंपनीकडे, आणि कंपनी गप्प. आमची मागणी साधी आहे. कंपन्यांनी आणि त्यांच्या नावावर नोंदणी घेणाऱ्यांनी तारखा जाहीर करणं बंद करावं आणि काम कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगावं. टप्पा कळला की किती थांबावं लागेल याचा अंदाज गिऱ्हाईक स्वतःच बांधतो.

जाहिरातीत दिसणारी फिगर आता बहुतेक वेळा संगणकावरची असते. पूर्वी शिल्पकार इपॉक्सी पुट्टीत हातानं मूळ नमुना घडवायचा, त्याचाच फोटो छापून यायचा, म्हणजे निदान एक वस्तू तरी अस्तित्वात असायची. आज चित्र आधी येतं आणि साच्याच्या पोलादाला हातही लागलेला नसतो. खरा वेळ जातो तो तिथून पुढे.

भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथं, काम करणाऱ्या कुणालाही विचारा, माणसाचा आकार हा साच्यासाठी अवघडच. साच्याचे दोन भाग सरळ उघडतात. टोपीच्या कडेखाली, काखेत, पट्टा आणि छातीच्या मधल्या फटीत अंडरकट, म्हणजे आत वळलेला भाग, आला की प्लास्टिक आत अडकतं. म्हणून 1/35ची (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी) एक फिगर धड, पाय, हात, डोकं, बंदूक, थैल्या अशी आठ-दहा तुकड्यांत फोडतात, आणि कानाच्या दोन्ही बाजूंसह डोकं एकसंध हवं असेल तर बाजूनं सरकणारी स्लाइड लागते. या मापाला छाती पुढून मागे साडेसहा-सात मिलिमीटर भरते. एवढी जाडी भरीव ओतली तर पॉलिस्टायरीन (किटचं कडक प्लास्टिक) थंड होताना आत ओढलं जातं आणि छातीवर खळगा पडतो. मग धड पुढचं-मागचं असं दोन भागांत पोकळ करायचं, आणि सांधा खांद्याच्या शिवणीवर लपवायचा. हे सगळं ठरवल्यावर विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर साचा कोरतात. साच्याचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे पुरेशी नोंदणी झाल्याशिवाय कंपनी पोलाद कापायला घेत नाही. 'लवकरच' या शब्दामागे पुष्कळदा हेच असतं.

साचा झाला की पहिले नमुने निघतात, म्हणजे टेस्ट शॉट. इथं बंदुकीच्या नळीचं टोक भरलेलं नसतं, बोटांच्या मध्ये फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा येतो, तुकडा साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनची गोल खूण पाठीवर उमटते, किंवा दोन भागांची रेघ नेमकी गालावरून जाते. यातले काही दोष दाब आणि तापमान बदलून जातात, काहींसाठी साचा पुन्हा उतरवावा लागतो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नाक बारीक आलं असेल तर साच्यातलं पोलाद थोडं आणखी खोदलं की काम भागतं. पण चेहरा फुगीर आला असेल तर साच्यात धातू भरावा लागतो, म्हणजे वेल्डिंग, पुन्हा कोरणं, पुन्हा पॉलिश. पहिलं काम किरकोळ आहे, दुसऱ्यात महिने जाऊ शकतात. 'टेस्ट शॉटमध्ये दुरुस्ती चालू आहे' एवढं सांगून भागत नाही. कोणती दुरुस्ती ते सांगितलं पाहिजे.

मिनीआर्ट, आयसीएम यांसारख्या फिगरसाठी नावाजलेल्या कंपन्या युक्रेनमधल्या आहेत. फेब्रुवारी 2022 पासून त्या युद्धाच्या छायेत काम करत आहेत. त्यांच्या उशिराबद्दल आमच्या मनात तक्रार नाही, आदर आहे.

रेझिनचं गणित वेगळं. मावळे, शिलेदार अशा फिगर आपल्याकडचे छोटे कारागीर काढतात ते सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून. असा साचा तीस-चाळीस नगांनंतर अंडरकटपाशी फाटू लागतो, म्हणजे दोनशे फिगरची नोंदणी घेणाऱ्याला पाच ते सात साचे करावे लागतात. त्यात आपला पावसाळा. हे रेझिन हवेतला ओलावा शोषतं, ओलाव्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तलवारीच्या मुठीवर, बोटांच्या टोकांवर, पगडीच्या पिळांत बुडबुडे येतात. जुलै-ऑगस्टात उघडलेली बाटली सिलिका जेलसकट हवाबंद ठेवली आणि प्रेशर पॉट (ओतलेलं रेझिन दाबाखाली ठेवायचं भांडं) वापरला तरच माल धड निघतो. दुसरी अडचण मास्टरची, म्हणजे ज्यावरून साचा काढतात त्या मूळ नमुन्याची. तो यूव्ही प्रकाशानं कडक होणाऱ्या रेझिनमध्ये प्रिंट केलेला असेल आणि नीट क्युअर (पूर्ण कडक) झाला नसेल, तर साच्याचं प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन त्याला टेकतं तिथं चिकटच राहतं आणि पूर्ण साचा वाया जातो. मास्टर नीट धुऊन, पूर्ण क्युअर करून, वर अ‍ॅक्रिलिक लॅकरचा हात दिला तर बहुधा निभावतं. टिन प्रकारचं सिलिकॉन सहसा असं अडत नाही, पण ते काळानं आकसतं. म्हणून कारागिराला 'कधी देणार?' असं न विचारता 'साच्यातून पहिला नग निघाला का?' हे विचारावं, आणि त्या नगाचा रंग न लावलेला फोटो मागावा.

माल तयार होऊन निघाला तरी बंदरावर अडतो. सीमाशुल्काच्या 9503 या शीर्षकात खेळणी आणि स्केल मॉडेल एकत्रच आहेत. मूळ शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तो आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. पण एकाच शीर्षकातून माल येत असल्यानं हे खेळणं नाही हे पटवायची जबाबदारी आयातदारावर पडते. मुलांच्या सुरक्षिततेचा नियम योग्यच आहे. प्रौढांच्या स्केल मॉडेलना त्याच शीर्षकाखाली वेगळं उपशीर्षक दिलं तर हा घोळ मिटेल. तोवर आयातदारांनी डब्यावर आणि बिलावर वयोमर्यादा स्पष्ट छापून घ्यावी.

थांबण्याचा कंटाळा येऊन अनेक जण दुसऱ्या मापाच्या फिगर आणतात. पाच फूट सहा इंचांचा माणूस 1/35 मध्ये 48 मिमी, 1/32 मध्ये साडेबावन्न, 1/48 मध्ये 35 आणि 1/72 मध्ये 23 मिमी होतो. 1/32चा हाच माणूस 1/35च्या रणगाड्याशेजारी सहा फुटी दिसेल, म्हणजे एखादा खपून जातो. खपत नाही ते त्याचं हेल्मेट आणि बंदूक. ती 1/35च्या संचातली बसवावीत. नुसतं '28 मिमी' असं लिहिलेल्या फिगर युद्धखेळांसाठी असतात, त्यांची डोकी आणि हात मुद्दाम मोठे ठेवलेले असतात. त्या डायोरामात (मॉडेलच्या छोट्या देखाव्यात) घेऊ नयेत. मऊ प्लास्टिकच्या 1/72 फिगर बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात, त्यांना पॉलिस्टायरीनचा सिमेंट, म्हणजे किट जोडायचा गोंद, धरत नाही आणि साबणानं धुऊन प्रायमर दिल्याशिवाय रंगही टिकत नाही.

फिगर यायच्या असतील तर रणगाड्याची झाकणं पक्की चिकटवू नयेत, फेव्हिकॉलच्या थेंबानं टेकवून ठेवावीत. डायोरामाची जमीनही पूर्ण करू नये. पुठ्ठ्याचे 48 मिमी उंचीचे कटआउट उभे करून जागा ठरवाव्यात आणि तेवढ्या जागी वरचा थर रिकामा सोडावा. फिगर आली की पावलात 0.8 मिमीची पितळी तार बसवून, ओल्या थरात पाऊल किंचित दाबून उभी करावी. वाळलेल्या जमिनीवर नुसती चिकटवलेली फिगर तरंगते, आणि ते पहिल्या नजरेत दिसतं.

शेवटी पैशांचं. ज्या फिगरचा साचाच कापलेला नाही तिची पूर्ण किंमत आगाऊ घेऊ नये. दहा-वीस टक्के घ्यावेत आणि बाकीचे माल हातात आल्यावर. पावतीवर कंपनी, संच क्रमांक, माप, पोलादी साचा की रेझिन, किमतीत सीमाशुल्क धरलंय की नाही, आणि किती महिन्यांनी नोंदणी रद्द करून पैसे परत मिळतील हे लिहून घ्यावं. लेखी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करताना हातात काहीतरी असतं. रेझिनची फिगर असेल तर वाटेत मोडलेली तलवार किंवा भाला बदलून मिळणार का, तेही त्याच पावतीवर यावं.

आपले,
स्केल मॉडेल करणारे काही वाचक, पुणे