केक नको, नेमाने येणारी शिक्षिका हवी

महोदय,

देहव्यापारातून सोडवलेल्या अल्पवयीन मुलींच्या बालगृहात केक वाटायला अनेकजण येतात. खरी गरज असते ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, निदान 6 महिने शिकवणाऱ्या बाईंची. येणे मध्येच थांबले, की आधीच फसवली गेलेली मुलगी पुढच्या कार्यकर्तीवरही विश्वास टाकत नाही. ‘काय झालं होतं?’ हे कधीच विचारू नये. खटल्यात तिची साक्ष पढवल्याचा आरोप करायला बचाव पक्षाला तेवढेही पुरते. पाठमोरा फोटोसुद्धा टाकू नये. ओळख उघड केल्यास बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) खटल्यात मुलीला सोबत करण्यासाठी साहाय्यक व्यक्ती बालकल्याण समिती देते; इच्छुकांनी तिथेच चौकशी करावी.

– एक कार्यकर्ती, पुणे