स्वानानोआला जाण्यापूर्वी

शार्लट, 18 मे 2025

चि. आशिष,

सलाम आणि अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये तू चर्चच्या टीमबरोबर पुरात बुडालेली घरं उभी करायला अ‍ॅशव्हिलजवळच्या स्वानानोआला जाणार हे ऐकून फार बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आठ महिने होऊन गेले, आता तिथे काय काम उरलं असेल?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्याही मनात होतं, डोंगरात कसलं चक्रीवादळ? उत्तर कॅरोलिनातलं हे अ‍ॅशव्हिल समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच आहे. पण हेलीन चक्रीवादळ 26 सप्टेंबर 2024च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला ताशी 225 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी धडकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो मैल आत, या डोंगरांवर येऊन कोसळलं. त्याआधीपासूनच तिथे पाऊस चालू होता, जमिनीत आणखी पाणी मुरायला जागा नव्हती. डोंगरावरचं सगळं पाणी दरीत उतरलं. फ्रेंच ब्रॉड नदीने 1916च्या पुराची पातळी ओलांडली. उत्तर कॅरोलिनात शंभराहून अधिक माणसं गेली. आम्ही पोचलो तेव्हा अ‍ॅशव्हिलच्या नळाचं पाणी पिण्यासारखं नव्हतं. ते 53 दिवसांनी, 18 नोव्हेंबरला पिण्याजोगं झालं. आम्ही पिण्याचं पाणी इथूनच गाडीत भरून नेलं होतं.

काम का उरलंय ते सांगते. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्या डोंगरात तो फार थोड्यांनी घेतला होता. त्यामुळे घर पुन्हा उभं राहतं ते जमतील तशा पैशांनी आणि मिळतील तेवढ्या हातांनी. सुरुवातीला हात पुष्कळ आले. बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा चर्चचे लोक होते, पेनसिल्व्हेनियाहून अमिश पंथाचे सुतार आले. मार्चमध्ये मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा आमच्या व्हॅनमध्ये चौघंच होतो.

नोव्हेंबरचं काम म्हणजे उपसणं. गाळ फावड्याने काढायचा, भिजलेली ड्रायवॉल, म्हणजे भिंतीला लावलेले जिप्समचे पत्रे, तोडायची, थंडी अडवायला आत भरलेला ओला कापूस ओढून काढायचा, लाकडी सांगाडा उघडा पाडायचा. मग खिळे उपटायचे. एकेका खोलीत किती खिळे असतात, आशिष! माझे दोन दिवस नुसते त्यातच गेले. नंतर बुरशीचं औषध फवारून लाकूड वाळू द्यायचं. ओल मोजायचं एक छोटं यंत्र असतं. त्यावरचा आकडा 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, असा आमच्या टीमचा नियम होता. लोक घाई करतात, त्यांना हिवाळ्यापूर्वी घरात जायचं असतं. पण ओल्या लाकडावर भिंत चढवली तर वर्षभरात आतून पुन्हा बुरशी येते. तुला कुणी घाई केली तरी यंत्र लावून बघ.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

नदीकाठच्या एका घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी एकट्या राहायच्या. पाणी खिडकीच्या वर चढलं होतं. मी स्वयंपाकघर रिकामं करत होते. फडताळात चिखलाने माखलेल्या काचेच्या बरण्या होत्या. पुरात बुडालेलं अन्न ठेवायचं नाही एवढंच मला ठाऊक होतं. मी सगळ्या बरण्या घमेल्यात भरल्या आणि रस्त्याकडेच्या ढिगावर टाकून आले.

दुपारी त्या आल्या, फडताळासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं बी कुठे आहे?"

त्या भागात ग्रीझी बीन्स नावाचा घेवडा होतो. शेंगेवर लव नसते, तेल चोपडल्यासारखी ती चकचकीत दिसते. घरोघरी आपापलं बी पिढ्यान्‌पिढ्या जपतात. हे बी त्यांच्या आजीचं होतं. दुकानात ते मिळत नाही.

मी ढिगाकडे धावले. सरकारी ट्रक अर्धा ढीग उचलून गेला होता. उरलेल्यात मी आणि आणखी दोघी अंधार पडेपर्यंत हातांनी शोधत राहिलो. तीन बरण्यांपैकी एक सापडली. झाकण घट्ट होतं, आतलं बी कोरडं. त्यांनी ती पदराने पुसावी तशी स्वेटरच्या टोकाने पुसली आणि पोटाशी धरली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तुझी शेवगावची आजी हुलग्या-मठाचं बी राखेत घोळून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड शेणाने लिंपायची. दुष्काळातसुद्धा त्या मडक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी तिची मुलगी, आणि माझ्या हातात बी आहे हे मला कळलं नाही. मी विचारलंच नाही. सगळं घर आधीच पाण्याने विस्कटलेलं, त्यात चार अनोळखी माणसं येऊन काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे ठरवू लागली की त्या माणसाकडे काय उरतं? त्या रात्री मी याची क्षमा मागून प्रार्थना केली. दुसऱ्या सकाळी त्यांचीही मागितली.

त्या दिवसापासून मी दारात एक खुर्ची ठेवते. घरमालकाला तिथे बसवायचं आणि प्रत्येक वस्तू दाखवून विचारायचं. वेळ दुप्पट लागतो. टीममधले वैतागतील, तरी तू हेच कर.

मार्चमध्ये मी त्यांच्याच घरी ड्रायवॉल लावायला गेले. निघताना टीम घरमालकाला सगळ्यांच्या सह्या असलेलं बायबल देते. मी मराठीत सही केली. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वाचून दाखवायला सांगितलं.

गॅरेजमधले जाड तळाचे बूट घे. धुळीचा मास्क रोज बदल, तुझा दमा विसरू नकोस. त्यांच्या मागच्या खोलीची जमीन अजून बाकी आहे, तुमच्या टीमकडे ते काम यावं असं मी पाळकांना सांगून ठेवलंय.

बी मेमध्ये लावणार होत्या, कुंपणाच्या कडेला काठ्या रोवून. पाणी ज्या बाजूने शिरलं, तिथेच. वेल किती वर चढलेत बघ, आणि त्यांना विचारून मला एक फोटो पाठव.

तुझी,
आई