फॉरेन्सिकचे प्रमाणपत्र घेण्यापूर्वी

महोदय,

वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘काही आठवड्यांत फॉरेन्सिक अकाउंटंट’ (हिशेबातला घोटाळा शोधून कोर्टात टिकेल असा मांडणारा लेखापाल) बनवून देणाऱ्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट आहे. या नावाने स्वतंत्र सनद देणारी वैधानिक संस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे फी भरण्याआधी प्रमाणपत्र कोणाचे आणि ते मानते कोण, एवढे तरी विचारावे. सीए झालेल्यांसाठी आयसीएआयचा, म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेचा, एफएएफडी (फॉरेन्सिक लेखा व अपहार शोध) अभ्यासक्रम आहे. तो संस्थेच्या सभासदांपुरताच. इतरांना अमेरिकेतील एसीएफई या अपहार तपासनीसांच्या संघटनेची सीएफई (प्रमाणित अपहार तपासनीस) परीक्षा देता येते, पण नुसते पास होऊन भागत नाही. संबंधित कामाचा किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो आणि पुढे दरवर्षी 20 तासांचे प्रशिक्षण. क्लासवाले अनुभवाची अट शेवटी, बारीक टायपात छापतात. शिवाय आपले कायदे वेगळे बसून अभ्यासावे लागतात ते लागतातच.

खरी गोची पुराव्यापाशी होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63(4) प्रमाणे संगणकातली नोंद कोर्टात द्यायची तर सोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. भाग ‘अ’ संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा सांकेतिक आकडा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. समजा, पतसंस्थेच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून खतावणी एक्सेलमध्ये काढली आणि हॅश घेण्याआधी कोणी कॉलम रुंद करून ती सेव्ह केली. आकडा एकही बदलला नाही, तरी आता निघणारी हॅश मूळ फाइलची नव्हे. म्हणून आधी प्रत, लगेच दोन साक्षीदारांसमोर हॅश, आणि पुढचे सगळे काम दुसऱ्या प्रतीवर. भाग ‘अ’ची सहीही त्याच दिवशी घ्यावी. सहा महिन्यांनी संगणक सांभाळणारा कारकून नोकरी सोडून गेलेला असतो.

दुसरा घोळ बेनफर्डच्या नियमाचा. खऱ्या व्यवहारांतल्या रकमांचे पहिले अंक साधारण ठरावीक प्रमाणात येतात, असे तो सांगतो; प्रमाण बिघडले की संशय घेतात. रकमेचा पहिला अंक 1 असण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्के आणि 9 असण्याचे साडेचार, हे क्लासमध्ये घोकून घेतात. तो लागू कुठे पडत नाही, ते कोणी सांगत नाही. पतसंस्थेत कर्जाला 50 हजारांची मर्यादा असेल, तर बहुतेक अर्ज तेवढ्याचेच येणार आणि अंक 5 फुगणार. मासिक ठेवीच्या ठरीव हप्त्यांचेही तेच. तेवढ्यावरून अहवालात ‘अपहार’ लिहिणारा उलटतपासणीत पाच मिनिटेही टिकत नाही. त्यापेक्षा त्या अर्जांच्या केवायसीतले मोबाइल क्रमांक आणि जामीनदार ताडून पाहावेत. बोगस खाती तिथे सापडतात.

आयसीएआयची फॉरेन्सिक मानके 1 जुलै 2023 पासून सभासदांना बंधनकारक आहेत. अहवालात काय आढळले ते मांडायचे, गुन्हा कोणी केला हे ठरवायचे नाही, हे त्यात स्पष्ट आहे. ‘व्यवस्थापकाने रक्कम हडपली’ असे न लिहिता ‘अमुक तारखेच्या व्हाउचरवर व्यवस्थापकाची मंजुरी आहे, रक्कम त्यांच्या पत्नीच्या खात्यात जमा आहे’ असे लिहावे.

तेव्हा हा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संस्थांनी एक तरी प्रात्यक्षिक पूर्ण करून घ्यावे: डेटा ताब्यात घेणे, हॅश, 63(4)चे प्रमाणपत्र, अहवाल आणि वकिलासमोर तासभर उलटतपासणी. माहितीपत्रकात याचा उल्लेख नसेल, तर पालकांनी फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

– एक सनदी लेखापाल, पुणे