कापूस काढायचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तांनी वेळ कसा घालवावा, याबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. सकाळचं फिरणं, योगासनं, मुदत ठेवी, तीर्थयात्रा, नातवंडं. सगळं बरोबर आहे, पण मी ज्यात रमलो ते जलरंग त्यात कुठे नव्हते, आणि ते सगळं फ्लॅटात राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिल्यासारखं वाटलं. आमच्या गावात सकाळी फिरायला निघालो की पहिल्याच वळणावर कोणीतरी विचारतं, "काहून पटवारीसाहेब, बस चुकली का?" चालायचं म्हणून चालायचं, हे इथे अजून कोणाला पटलेलं नाही.

मी दारव्हा तालुक्यातला, जि. यवतमाळ. 33 वर्षं नोकरी केली, कागदावर तलाठी आणि लोकांच्या तोंडी पटवारी. 58 व्या वर्षी निवृत्त झालो. पहिले सहा महिने बरे गेले. मग पहाटे साडेचारला जाग यायची आणि करायचं काय, ते सुचायचं नाही. वावर मक्त्यानं दिलेलं. पारावर बसलो तर लोक अजून फेरफारच विचारायचे. टीव्हीवर भांडणं. आणि झोपेत पंचनामे. गारपिटीचे, पुराचे, आणि आमच्या जिल्ह्यात आणखी एका प्रकारचे, ज्यासाठी आदल्या दिवशी माणूस गेलेल्या घरात फॉर्म घेऊन जावं लागतं. अशा घरांच्या ओसरीवर बसून मी क्षेत्र किती, कर्ज किती, हे विचारलेलं आहे. बाई दाराआडून उत्तरं द्यायची आणि मी खाली मान घालून लिहायचो. याबद्दल जास्त लिहीत नाही.

रंगांची पेटी माझ्याकडे आली ती हयातीच्या दाखल्यापायी. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सांगावं लागतं. त्या दिवशी लिंक नव्हती. दोन तासांनी या म्हणाले. समोरच्या दुकानात आधारची झेरॉक्स काढता काढता काचेच्या कपाटात बारा वड्यांची जलरंगाची पेटी दिसली. आमच्या वेळी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या पोरांकडे अशी पेटी असायची. मला वडिलांनी बसू दिलं नव्हतं. फीचा प्रश्न नव्हता, त्या दिवसांत निंदण सुरू होतं. पेटी घेतली, एक ब्रश घेतला, चित्रकलेची एक वही घेतली. दुकानदार म्हणाला, "नातीसाठी का?" मी हो म्हणालो.

पहिला महिना नुसता चिखल झाला. वहीचा कागद पातळ, पाणी लागलं की फुगायचा, आणि पहिल्या पानावरचं आभाळ तिसऱ्या पानापर्यंत झिरपायचं. शाळेतले पोस्टर कलर जाड असतात, चुकलं तर वरून दुसरा रंग मारता येतो. जलरंग पारदर्शक. खालचं सगळं दिसत राहतं, म्हणून आधी फिकं, मग गडद, आणि गेलेला हात परत घेता येत नाही. आमच्या खात्यात लेखनप्रमाद झाला तर जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 155 आहे, अर्ज करा, दुरुस्त होतं. जलरंगात कलम 155 नाही. हे समजायला मला तीन वह्या लागल्या. बाकीचं मोबाइलवर बघून शिकलो, तेही नातीला विचारून नाही, दार लावून.

आणि मग कापूस. खरं म्हणजे हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं.

पीकपाहणीच्या रकान्यात मी आयुष्यभर 'कपाशी, 1 हेक्टर 62 आर' असं लिहीत आलो. 2021 पासून ती नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो, पण माझी सगळी नोकरी त्या रकान्यात गेली, आणि एवढ्या वर्षांत एका बोंडाकडेही मी नीट पाहिलं नव्हतं. मागच्या मार्गशीर्षात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, स्टूल टाकून बसलो आणि फुटलेलं एक बोंड काढायला घेतलं. पेटीतली पांढरी वडी लावली तर चुना फासल्यासारखं दिसायला लागलं. दुसरा कागद, तिसरा कागद, तेच. चौथ्यांदा कळलं की जलरंगात कापूस काढायचा नसतो. कापसाची जागा कोरी सोडायची आणि त्याच्याभोवतीचं सगळं काढायचं: वाळलेलं टरफल, टोकाशी तांबूस पडलेलं पान, मागची पऱ्हाटी, तिच्या खालची सावली. ते गडद होत गेलं तसा मधला कागद आपोआप कापूस झाला. मी ब्रश लावलेलासुद्धा नव्हता तिथे.

जवळून पाहिलं तर तो पांढराही नसतो. उन्हाकडच्या अंगाला सायीसारखा पिवळसर, सावलीकडे निळसर, आणि खरा पांढरा म्हणावा असा ठिपका हरभऱ्याएवढा. दव असलं तर आणखी वेगळा. त्या दिवशी सकाळी सातला बसलो होतो. वेचणीच्या बाया जेवायला धुऱ्यावर आल्या तेव्हा लक्षात आलं की बारा वाजून गेले. गुडघे धरले होते, चहा राहिला होता, आणि पाच तासांत एकही पंचनामा डोक्यात आला नव्हता.

मातीचंही तसंच. काळी, मध्यम, हलकी, बरड, हे शब्द मी हजारो वेळा लिहिले असतील. पण पेटीतला काळा लावला तर वावर डांबरी रस्त्यासारखं दिसतं. आमची काळी काळी नाहीच. गडद निळा, ज्याला अल्ट्रामरीन म्हणतात, आणि बर्न्ट सिएना नावाचा तांबूस तपकिरी, हे दोन मिसळले की ती सापडते. बर्न्ट सिएना म्हणजे लोहाचा अंश असलेली माती भाजून केलेला रंग, आपल्या गेरूचाच चुलतभाऊ. नुकतं वखरलेलं, ओल असलेलं वावर हवं असेल तर निळा जास्त. मे महिन्यातलं भेगाळलेलं हवं असेल तर पाणी जास्त, तपकिरी जास्त.

रंगाची वडी तरी काय, रंगाची पूड आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. मी हे घरात सांगितलं तर सौ. म्हणाली, "म्हणजे लाडूच की." तेव्हापासून माझ्या रंगकामाला घरात 'लाडू वळणं' म्हणतात.

विदर्भात जलरंग करायचा तर एक अडचण आहे, ती कोणी शिकवत नाही. आभाळ रंगवायचं तर कागदाची पाटी तिरपी धरून वरून खाली एकसारखं पाणी ओढत आणायचं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. अर्धं आभाळ खाली येईपर्यंत वरचं वाळून जातं, आणि मध्ये पट्टा उमटतो, धोतराच्या काठासारखा. कूलरसमोर बसून पाहिलं तर त्याचे तुषार कागदावर. शेवटी उन्हाळ्यात पहाटे पाचला बसायला लागलो. जाग येतेच आहे, आणि तेव्हा अंगणात मातीचा गारवा असतो. पावसाळ्यात उलटं. सकाळचा रंग दुपारपर्यंत ओला, आणि पेटीत ठेवलेल्या कोऱ्या कागदांना बुरशी. मी आता कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कणगीशेजारी ठेवतो, कारण घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. मग फाल्गुनात पळस फुलतो. त्याचा केशरी मला अजून साधलेला नाही. दरवर्षी फिकट होतो.

मोठ्या चित्रकारांच्या गोष्टी आपल्या कामाच्या नसतात असं मी समजायचो. पण म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा हातात घेतलेल्या बाईचं चित्र हळदणकरांनी जलरंगातच केलेलं आहे. बोटांच्या फटींतून येणारा दिव्याचा उजेड पाहिला की माझ्या बोंडाचा माज उतरतो. सय्यद हैदर रझा मुंबईला जाण्याआधी नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले होते आणि सुरुवातीची त्यांची निसर्गचित्रं जलरंगात होती, हेही मला साठी जवळ आल्यावर कळलं. नागपूर आमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येण्याइतकं, आणि तिकडच्या खेपा मी फक्त कोर्टाच्या तारखांसाठी केल्या.

आता गावातली गोष्ट सांगतो. माझ्या बांधाशेजारच्या एका शेतकऱ्याचं वावर मी काढलं. मधोमध धुरा, डावीकडे त्याची कपाशी, उजवीकडे दुसऱ्याची तूर. तो मागे उभा राहून बराच वेळ पाहत होता. मला वाटलं आवडलं. मग म्हणाला, "साहेब, धुरा तुम्ही माह्या वावरात घेतला. इकडं दोन तासं कमी दिसतात." मी म्हटलं, अरे हे चित्र आहे, मोजणी नाही. "हे तहसीलात जाते का?" नाही बाबा, भिंतीवर जाते. "तरी दुरुस्त करा बाप्पा. उद्या त्यानं पाह्यलं तं म्हणंल पटवाऱ्यानंच काढून देल्लं." दुसरा कागद घेतला, त्याची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, त्याला परत दिली. ते चित्र आता त्याच्या ओसरीवर टांगलेलं आहे. तूरवाला गेल्या आठवड्यात येऊन गेला. त्यालाही एक हवं आहे, पण त्याच्या बाजूनं उभं राहून काढलेलं.

आपल्याला पत्र लिहिण्याची दोन कारणं. एक, तालुक्याच्या दुकानांत शाळेची पेटी आणि पातळ वही यापलीकडे काही मिळत नाही. जलरंगाला जाड कागद लागतो, 300 ग्रॅमचा म्हणतात तो. मी अमरावतीहून आणवतो आणि एका मोठ्या तावाचे आठ तुकडे करून वापरतो. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, त्याला फाट्यावर गाठावं लागतं. दुकानदारांनी दहा-दहा ताव ठेवून पाहावेत. खपले नाहीत तर माझ्याकडे पाठवावेत. पुरवणीतही योगासनांच्या शेजारी एखादा रकाना रंगांना मिळाला तर बरं. किमान मे महिन्यात आभाळ कसं रंगवायचं, एवढं तरी छापा.

दुसरं असं की एकट्यानं बसायचा आता थोडा कंटाळा येतो. शाळेत जाणाऱ्या पोरांना चित्रकलेचा तास असतो. आमच्या वयाच्या मास्तरांना, कंडक्टरांना, नर्सबाईंना, कोतवालांना तो कधी मिळालाच नाही, आणि यातल्या निम्म्यांना हात आहे. सही करताना कळतं ते. म्हणून मी असं ठरवलं आहे की या मार्गशीर्षातल्या दर रविवारी सकाळी सात वाजता दारव्हा-मोतीबाग स्टेशनाजवळ रुळांकडेला बसायचं. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी आपली शकुंतला रेल्वे बंद पडली, पण जागा चांगली आहे. 1994 पर्यंत तिथून वाफेचं इंजिन जात होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी आठवणीतून काढावं. ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी गवतात हरवलेले रूळ काढावेत. रूळ सोपे वाटतात, पण नाहीत. रंग, कागद माझ्याकडे आहेत. येताना पाण्याच्या दोन बाटल्या आणाव्यात, एक प्यायची, एक ब्रश धुवायची. त्यांवर खूण करून ठेवावी.

आपला,
एक निवृत्त पटवारी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ